पाचातला एक

घणसोलीत, हाय टेन्शनच्या तारांखाली,
अँबॅसिडरचं नाक जॅकवर.
जॅकवर काकांचा भरवसा नाही,
म्हणून खाली लाकडाचा ओंडका:
मोडलेल्या होडीच्या कण्याचा,
खाडीचं पाणी पिऊन दगड झालेला.

मोरेश्वरकाका ड्रमभोवती हातोडी फिरवतात,
टक, टक,
एकाच जागी दोनदा नाही.
"ठोकाचा नाय, बाला. उठवाचा."
रात्रभर तेल पीत बसलेला गंज
अकराच्या सुमारास कुरकुरला
आणि ड्रम हातात आला,
काहिलीसारखा जड, आतून नांगरलेला.
एका चरावर नख फिरवत काका म्हणाले,
"आपला शेत असाच दिसाचा चैतान."
शेताबद्दल एवढंच.

शेताच्याच पैशातून ही गाडी आली.
तीस वर्षं आळीतल्या नवऱ्या
हिच्यातूनच गेल्या हळदीच्या अंगाने,
मागच्या सीटचा रेक्झिन अजून पिवळा आहे.

हबवर पाच स्टड. त्यातला एक अर्धाच.
"यो कवा तुटला रं?"

मला माहीत आहे कधी.
दहावीची सुट्टी, पंक्चर,
आणि पान्यावर मी दोन्ही पायांनी उभा.
नट फिरला. मग फारच सहज फिरला.
तुकडा गटारात, वर हबकॅप.
त्यानंतरच्या प्रत्येक वरातीत
मी स्कूटर डाव्या अंगानेच चालवली,
त्या चाकावर डोळा ठेवून.

"मी तोडला," म्हणालो.
काकांनी फडक्याने हात पुसले, बराच वेळ.
मग पाना पुढे केला.
"मंग तूच बसव."

नवा स्टड मागून घालायचा,
पुढून वॉशर रचून, नट लावून ओढून घ्यायचा.
त्याचे दाते हबमध्ये रुततात
ते पान्यातून मनगटात कळतं.
मग नवा ड्रम, मग चाक,
एक सोडून एक नट, पुन्हा एक सोडून एक.
"येकदम कंचाच आवलू नको."
पाचव्यापाशी मी थांबलो. "बस?"
"मना काय इचारतस? पाना तुजे हातान हाय."

संध्याकाळी तळ्याच्या उतारावर ब्रेक दाबला.
थांबते. पण डावीकडे ओढते,
उजवं चाक अजून जुन्याच ड्रमवर.
ओंडका त्या बाजूला सरकवून ठेवलाय.
नटांवर रात्री तेल सोडायचं आहे.