खतावणी

बसा, इंगवले सर. खुर्चीला ग्रीस आहे, तेवढं बघून.
कुठली गाडी दहा वर्षांत कमी खाते,
हे तुम्ही दस्तगीर मिस्त्रीला विचारलंत
आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं:
‘मला हाताला कळतंय, मालाताईला आकड्यात.’

उद्यमनगरात, ह्या पत्र्याखाली,
माझं हे एकविसावं वर्ष.
शेजारचं लेथ बंद पडलं
की माझी बेरीज चुकते.

आधीच सांगते, वहीत मी कंपनी लिहीत नाही,
मालक लिहिते.

ही जर्मन. डॉक्टर खर्डेकरांची.
चार वर्षं आमच्याकडं एक ओळ नाही,
सगळं शोरूमनं बघितलं.
पाचव्याला वॉरंटी सरली आणि एक सेन्सर गेला,
नखाएवढा.
त्या बिलात माझ्या पोराचा अकरावीचा क्लास बसला असता.
पार्ट पुण्यात नव्हता, मुंबईहून आला,
तोवर डॉक्टर रिक्षानं राउंडला.
पैसे मोजताना हसले. म्हणाले,
‘ताई, आमच्यातही असंच. दुखणं परवडतं, तपासण्या नाही.’

जपानी मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याची.
ऑइल, फिल्टर. ऑइल, फिल्टर.
सहाव्या वर्षी ब्रेक पॅड. पुन्हा ऑइल, फिल्टर.
वाचायला कंटाळा येतो, सर,
आणि हिशेब ठेवणाऱ्याला
कंटाळ्यासारखं सुख नाही.

ही देशी मात्र पान सोडत नाही.
गगनबावड्याच्या रस्त्यानं रोज जाऊन येते,
बुश, शॉकअप, क्लच, पुन्हा बुश,
पण पार्ट समोरच्या दुकानात मिळतो
आणि चहा यायच्या आत बसतोय.
शंभरभर ओळी. चार आकड्यांपुढं
एकही गेली नाही.

हळू. ही पानं चिकटलीत.
पुराचं साल.
त्या आठवड्यात पाण्यानं
कुणाला कंपनी विचारली नाही.
जर्मन असो, देशी असो, सीटखाली गाळ तोच,
एकीच्या डिकीत तर मरळ निघाली, जिवंत.
हे वर्ष सरासरीत धरायचं की सोडायचं?
तुम्ही गणिताचे, तुम्हीच सांगा.

सगळ्यात कमी कुणाचं?
आहे की. हे बघा.
नागाळा पार्क, घोरपडे बाई.
दहा वर्षांत चौदा हजार,
त्यातले नऊ एकाच बिलाचे,
उंदरांनी वायरिंग खाल्लं तेव्हाचे.
यजमान गेले तशी गाडी फाटकाबाहेर नाही.
दर दिवाळीला मिस्त्री बॅटरी घेऊन जातो.
बाई येऊन बसतात, डाव्या बाजूला,
नेहमीच्या.
हा ड्रायव्हरच्या सीटवर बसत नाही,
खिडकीतून हात घालून किल्ली फिरवतो.
पाच मिनिटं इंजन चालतं.
मग बाई उतरतात, काच पुसतात, आत जातात.
मजुरी तो लावत नाही. मीही विचारत नाही.

किलोमीटरला किती पडले, काढताय?
काढू नका, सर.
छेदात शून्य येतंय.

सरांनी पेन खिशाला लावलं.
‘मग मी कुठली घेऊ?’
रोजचं किती?
‘कळंब्यातून शाळा. आणि मुलगी आली तर पन्हाळा.’
येते का?
सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला,
पुसतच राहिले.

गाडीखालून आवाज आला, ‘ताई, चौदाचा पाना!’
मी पाना पायानं सरकवला.
मग कोरं पान काढून वर लिहिलं,
इंगवले सर, कळंबा.
कंपनीचं नंतर बघू.