कल्ला उचलून

धक्क्यावरचा दवाखाना मागच्या ऑक्टोबरात बंद झाला.
डॉक्टरीणबाई गेल्या, दारावर कागद राहिला,
कागदावर एक नंबर, नंबरावर एक धून.
पुढचा दवाखाना एकशे साठ किलोमीटर,
मध्ये फेरीबोट, आणि बोटीचा धनी वारा.

लिअँडरचा अंगठा शनिवारी रात्री सुजला,
जांभळा, तुकतुकीत. चादरीचंही ओझं होईना सहन.
गाऊट, तो म्हणाला, बापाला होता, मला कशाला कोणी सांगायला हवं?
फोनवर एक दुकान सापडलं त्याला, निळं, हसरं,
पांढऱ्या डगल्यातला पोरगा, गळ्यात स्टेथोस्कोप
(काचेतून कुणाची छाती ऐकणार होता कोण जाणे).
अठरा प्रश्न. हो किंवा नाही.
'किडनीचा काही त्रास?'
नाही, त्याने दाबलं.
आणि ते खोटंही नव्हतं.
त्रास काहीच नाही. फक्त एकच आहे.
दुसरी अठ्ठ्याण्णव साली भावाला दिली, अँब्रोजला,
आणि ह्या अठरांत तसा प्रश्नच नव्हता.

चार मिनिटांत मंजुरी. पाकीट गुरुवारी पोचेल, धन्यवाद.

मी एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभी होते.
पट्ट्यावरून कॉड यायचा, मी कल्ला उचलायचे.
लाल असला की पुढे. विटकरी असला की बाजूला.
मॉड पार्डी पहिल्याच दिवशी म्हणाली होती,
ज्यावर बर्फ जास्त, तो आधी हुंगायचा.
आता ह्या काचेला कल्ला कुठे असतो, मॉड?

तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, सही करणाऱ्याचं नाव.
प्रांताच्या यादीत शोधलं. नाही.
शेजारच्या प्रांतात त्या नावाचा एक आहे,
दातांचा.
पत्ता विचारायला फोन केला,
तर तीच धून, किंवा तिची बहीण.

मग औषधाच्या दुकानातल्या फिलोमिनाने दुसरं ठिकाण सांगितलं.
मंगळवारी दुपारी पडद्यावर एक बाई आली,
दमलेली, मागे कुत्रं भुंकतंय.
आधी स्वतःचा नोंदणी क्रमांक वाचला, सावकाश,
मला लिहून घेता येईल असा.
अंगठा दाखवा. आता दुसऱ्या पायाचा.
ताप आहे? मग, सहज विचारावं तसं,
'पोटावर, कुशीत, कधी टाके पडलेत?'
लिअँडर हसला. सांगितली सगळी गोष्ट,
अँब्रोज, अठ्ठ्याण्णव, कसा दोघांचा एकाच दिवशी वाढदिवस साजरा करतो आम्ही.
बाई हसली नाही.
ती गोळी घेऊ नका, म्हणाली. मी देणार नाही.
रक्त तपासा, फिलोमिनाकडे चिठ्ठी पाठवते, परवा पुन्हा बोलू.

पंचावन्न डॉलर, आणि हाती एक नकार.
लिअँडर भडकला: उंटावरून शेळ्या हाकतात सगळे!
हाकतात, मी म्हणाले,
पण हिने निदान शेळ्या मोजल्या.

बाईचा क्रमांक यादीत होता. तेच नाव, तेच शहर.
तरी खरं सांगते, मी काही तिला ओळखत नाही.
उद्या तिचंही चुकेल. माझ्या हातूनही
एखादा विटकरी पुढे गेलाच असणार.

गुरुवारी पाकीट आलं, अगदी वेळेवर, हेच मला आवडलं नाही.
बटणांच्या डब्यात ठेवलं. डबा फळीवर, फळी उंच.
रात्री दोनला तो म्हणाला, एकच दे.
मी म्हणाले, एकच आहे, म्हणूनच.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
बाहेर बोटीचा दोर खांबाला घासत होता.

रविवारी अँब्रोजचा फोन, इतक्या वर्षांचा तोच विनोद:
'हिची बहीण बरी आहे ना तिकडे?'
लिअँडर उशीवरच्या पायाकडे बघतो, मग फळीकडे,
मग माझ्याकडे.
'बरी आहे,' म्हणतो. 'पहारा आहे तिच्यावर.'