चुणी

डिचोलीला रोहिदासच्या डाळगिरणीमागे
पोत्यांची एक थप्पी वेगळी असते.
तिचा भाव कुणी विचारत नाही.
टरफलं, तुकडे, पीठ,
आणि दाणा दुभंगताना निखळतो तो
तुरीच्या टोकाचा इवला अंकुर.
सगळं मिळून चुणी.

"म्हशींना नेतात," तो म्हणाला. "तुला कुणासाठी?"
"लाव्यांसाठी."
तो पोटभर हसला,
आणि पोत्यामागे दहा रुपये वाढवले.

टिपर विकला, शेड उरली.
पत्र्याच्या खाचांत खाणीची तांबडी धूळ अजून आहे.
जमिनीवर ऑइलचा डाग,
पोर्तुगालच्या नकाशासारखा, सोयरू म्हणतो.
पासपोर्टचे कागद करताना
तो नकाशा त्याने खूप पाहिलाय.
कागद कपाटात आहेत. तो इथे आहे,
हातात चाळण.

डागावर आता पिंजरे. दोनशे चाळीस लावे.
मुठीत मावणारा जीव,
पण भुकेला मूठ पुरत नाही.
पेंडीचा भाव घाटापलीकडे कुठेतरी ठरतो
आणि चोर्ल्याची वळणं उतरताना
प्रत्येक वळणावर थोडा वाढतो.

पहिल्यांदा मी चुकले.
उडदाची चुणी, कच्ची, निम्म्याला निम्मी.
वहीत आहे सगळं:
सोमवारी अंडी एकशे नव्वद,
गुरुवारी एकशे बारा,
शनिवारचा आकडा मी लिहिला नाही.
वाळपईहून डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
"कच्चं कडधान्य स्वतःला राखत असतं, बाय.
पोटात गेलं तरी भांडतं.
आधी भाज. आणि हात आवर."

काजूच्या मोसमातली लोखंडी कढई काढली.
मंद जाळ, सतत उलथणं.
उडीद सोडला, तूर घेतली.
दहा किलोत एक किलो, त्याहून जास्त नाही.
शेजारची पिएदाद कुंपणावरून म्हणाली,
"तुझ्याकडे रोज वरण असतं की काय?"
केसांना, उशीला, सोयरूच्या शर्टाला
भाजल्या तुरीचा वास.

लावे निवडून खातात.
नको ते चोचीनं भिरकावतात,
सुपात तांदूळ घेतलेल्या बाईपेक्षा निर्दय.
मग चुणी आणखी बारीक दळली,
गव्हाणीचा काठ दोन बोटं उंच केला.
एवढ्याशा काठावर
आमचा महिना उभा आहे.

अंडी उतरत्या उन्हात येतात.
एकीची ठिपक्यांची, एकीची शाई सांडल्यासारखी.
पाहिलं की कळतं कोणत्या पिंजऱ्याची, कोणाची.
पण एकही लावी अंड्यावर बसत नाही.
बसायचं विसरलेली जात ही.
ऊब द्यायला मशीन, नाहीतर मापशाला पिएदादची बहीण,
जी ती उकडते, सोलते,
माडाच्या शिर्क्यात मिरचीसोबत बुडवते
आणि बाटलीवर लेबल लावते, तिच्या नावाचं.

रात्री चाळताना मला तो अंकुर दिसतो.
डाळीत त्याला जागा नाही,
गिरण आधी त्यालाच झाडून टाकते.
तो उगवणार नव्हता.
लाव्याच्या पोटात गेला, अंडं झाला,
आणि ते अंडंही उगवणार नव्हतं.
यात रडावं असं काही नाही.
फक्त हात क्षणभर थांबतो,
चाळणीखालचा आवाज बंद होतो,
आणि अंधारातून एखादा नर
तीन तुकड्यांत ओरडतो,
जणू शेडीबाहेर कुणीतरी त्याला उत्तर देईल.

सोयरू विचारतो, "आज किती?"
मी म्हणते, "दोनशे तीन."
तो म्हणतो, "उद्या रोहिदासकडे जाऊ या लवकर.
आता दुसऱ्यांनीही विचारलंय म्हणे.
भाव सांगायला लागलाय तो."