अर्धा आटा

शिरोलीत, रात्रपाळीला, तीनच्या सुमाराला
आवाज बदलला.
आधी कानाला कळतं, मग हाताला.
फीड होल्ड दाबलं तेव्हा टी-स्लॉटचा कटर
बिडाच्या ओठाखाली होता,
चाळीस मिलिमीटर आत, चुऱ्यात रुतून.

सरळ वर उचलावा तर ओठ फुटणार, कटर जाणार,
आणि सकाळी साहेबांपुढं मी.

बाळगोंडा मगदूम डबा उघडाच टाकून आले.
पडदा बघितला. माझं तोंड बघितलं.
"वर ओढू नगंस. आल्या वाटंनं भाईर काढ."

उलट. दहा टक्के फीड.
ओळी खालून वर सरकू लागल्या,
तीनशे चाळीस, तीनशे तीस,
जाताना उजवं घेतलेलं वळण
येताना डावं.
कटर काही कापत नव्हता,
स्वतःच कोरलेल्या पोकळीतून
निमूट येत होता.
कापलेलं बीड खाली ट्रेमध्ये, काळं, अजून ऊन.

सुटला. तरी मी मागं जात राहिलो,
कुठवर जातंय ते बघायला.
टूल बदलल्याच्या ओळीपाशी मशीन अडलं.
ह्याच्या मागं नाही.

बाळगोंडा हसले.
"हे बरंच म्हणायचं. आमच्या उद्यमनगरातल्या लेथला
हँडल उलटं घेतलं की अर्धा आटा फुकट जायचा.
हात फिरतोय, आणि सॅडल जाग्यावर.
नवं पोरगं भ्यायचं, जोर लावायचं.
जोर न्हाई लावायचा. फिरवत ऱ्हायचं.
धरतंय."
आणि गार भाकरी मोडायला गेले.

वडिलांचा लेथ तसलाच होता.
थोरल्यानं तो किलोवर घातला, आणि मी
चहाच्या गाड्यावर, चार माणसांत,
त्याला जे बोललो
त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील.

सातला पाळी सुटली.
हायवेच्या कडेला, उसाच्या ट्रॉल्या जाऊ देत,
गाडी स्टँडला लावून नंबर लावला.

"कोण?"
"मी."

मग नुसता त्याच्याकडचा नळ,
घागरीत पडणारं पाणी.
मी काही बोललो नाही, फोनही ठेवला नाही.
एक ट्रॉली गेली. दुसरी गेली.
घागर भरत आली तसा
आवाज बदलला.

त्यानं नळ बंद केला.