अर्धा इंच

दुसरी पायरी अर्धा इंच वर होती.
एवढंच.
वीस वर्षं मी न बघता उतरलो,
माझ्या पायाला ती पाठ.

नागूबाई कडोलकरच्या पायाला नव्हती.
फरशी नुकतीच पुसलेली, फिनेल घालून.
पाव किलो कुंदा डब्यातनं सांडला,
आणि खुब्याचं हाड.

वकील म्हणाले, सूचना होती ना? झालं तर.
होती की. पिवळी पाटी, कोपऱ्यात, कन्नडमधून.
कॉर्पोरेशनचा माणूस ओरडून गेला म्हणून
रामदेव गल्लीतनं करून आणलेली.
नागूबाई मराठी चौथी.
त्याच पाटीला धरून ती उठायला बघत होती.

कोर्टात न्यायाधीशांनी तोडक्या मराठीतून
मलाच विचारलं:
पाटीवर काय लिहिलंय, वाचा.

मी चष्मा पुसला.
अक्षरं गोल, ओली,
एकमेकांवर घसरलेली.
मागं कुणीतरी खोकलं.

वाचता येत नाही, साहेब.

निकाल आला कन्नडमधून,
वकिलांनी जिन्यात मराठी करून सांगितला:
दवाखान्याचा खर्च,
सहा महिने ती पापड लाटायला बसू शकली नाही, त्याचे,
वर व्याज.
जागा ज्याची, जपणूक त्याची,
असं काहीसं.
पाटीबद्दल एकच ओळ होती,
ती त्यांनी गाळली असावी.

पैसे भरले. उचगावचा गवंडी आणला.
पायरी उतरवली अर्धा इंच,
लेव्हल लावून, पाणी सोडून बघितलं.

आता रोज सकाळी शटर वर करून
खाली उतरताना
मीच तिथं अडखळतो.