खाल्लेली ओळ

पिओरियात नदीकाठी गुरुवारी संध्याकाळी
गाणं फुकट असतं.
घडीच्या खुर्च्या आपापल्या आणायच्या,
डासांचं मलम आपापलं,
आणि काळोख पडायला नऊ वाजतात
तोवर ऊन मानेवर घ्यायचं.

मंचावर चौघे.
चौघेही दुसरेच कुणीतरी.
मधला, केसांचा टोप घातलेला,
एरवी पेकिनला टायर विकतो
असं शेजारच्या खुर्चीतली मार्लीन सांगते;
तिच्या गाडीचे चारही त्याच्याकडचे.
मूळ गायक कधीच गेला, ड्रमवाला त्याच्या आधी.
उरलेले दोघे नावावरून कोर्टात भांडतायत
आणि इथे टायरवाला त्याच नावाआधी
‘जवळजवळ’ असा शब्द लावून
बिनघोर गातोय.

मार्लीनने अस्सल पाहिलेत,
अठ्ठ्याहत्तर साली, सेंट लुईसला.
"प्यायलेला होता. शब्द विसरला.
पाऊण तास उशिरा आला नि चाळीस मिनिटांत गेला.
हा बरा," म्हणते,
"हा वेळेवर येतो."

आमच्या गावी बहुरूपी यायचा
फौजदाराच्या वेशात, खाकी विटलेली,
आईच्या नावाचं वॉरंट वाचून दाखवायचा.
आई हसत हसत पसाभर ज्वारी घालायची.
फौजदार खोटा हे मला माहीत होतं
आणि मी दाराआड उभा असायचो.
सोंग वठलं की पाय खरेच लटपटतात.

आत्ताही.
मैफलीच्या रेकॉर्डवर दुसऱ्या कडव्याआधी
मूळ माणूस एकदा खोकला होता.
हाही खोकला. तिथेच. तेवढंच.

तो खोकला मला ओळखू येतो
कारण सांगलीच्या हॉस्टेलवर, खोली एकोणतीस,
इंगवल्याकडे कॅसेट होती:
कुवेतच्या चुलत्याच्या कॅसेटची कॉपी,
तिची कॉपी, तिची ही.
कव्हर नव्हतं. चौघांचे चेहरे आम्ही कधी पाहिले नाहीत.
बँडचं नाव दोन वर्षं चुकीचं म्हणत होतो.
आणि तिसऱ्या गाण्यात टेपरेकॉर्डरने
एक ओळ खाल्ली होती.
पेन्सिल घालून गुंडाळली, नखाने सरळ केली,
तरी त्या जागी नुसती गुडगुड,
कुणी गुळणी करावी तशी.
मग इंगवले ती जागा भरायचा
पालथ्या बादलीवर, बोटांच्या पेरांनी,
टक्, टकटक्,
आणि पुढची ओळ आम्ही सगळे मिळून धरायचो
धावती एसटी धरावी तशी.

पुढे मी इथे आलो, बुलडोझरांच्या कारखान्यात.
शोधली असती तर ती ओळ
फोनवर दोन मिनिटांत सापडली असती.
नाही शोधली.
इंगवल्यालाही नाही.

आज ते गाणं आलं.
टायरवाल्याने हात वर केला,
मार्लीन गुडघा धरून उठली
आणि ती ओळ, अख्खी,
तीनशे माणसांनी गायली.
साधीच निघाली:
कुणीतरी किल्ल्या विसरलंय,
जिन्यावरून परत येतंय.

मला ऐकू आली, गाता आली नाही.
पेरं आधीच डब्यावर गेली होती,
मांडीवर चिवड्याचा स्टीलचा डबा,
टक्, टकटक्.
मार्लीनने वळून पाहिलं.
"चुकलास," म्हणाली.
हो म्हटलं.

शेवटी एक मुलगी वर्गणीसाठी फिरली.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
टायरवाल्यालाही नाही.
मी पाच डॉलर टाकले
आणि तिच्या निळ्या बादलीच्या कडेवर
हळूच एकदा पेर आपटून पाहिलं.
प्लॅस्टिकची होती.
बद्द वाजली.