विषय क्रमांक चार

विषय एक, पाण्याची टाकी: मंजूर.
विषय दोन, पोषण आहाराची तूरडाळ किडकी: नोंद घेतली.
विषय तीन, मुतारीचं दार: पुढच्या वर्षी.
विषय चारला सुकलाल अण्णांनी चष्मा पुसला
आणि ट्रस्टचं पत्र वाचलं.
दर गुरुवारी एक गुरुजी येतील, मानधन नको,
पोरांशी बोलतील, त्यांचं दुःख ऐकतील,
जमलं तर दोन श्लोक.

चौथीच्या वर्गात आम्ही अकरा माणसं,
पोरांच्या बाकांवर गुडघे मोडून बसलेली.
बाहेर केळीचा ट्रक
अडावदच्या रस्त्याला लागत होता.

"देव शाळामा का बरं नको?" अण्णा म्हणाले,
"आमना टाइमले व्हता ना."
हुसेन तडवी खाली बघत बोलला,
"मंग शुक्रवारले आमना हाफिजजीले बी येवू द्या."
गुलसिंग पावरा पाड्यावरून चालत आलेला.
त्यानं विचारलं, आमच्या पुजाऱ्याला खुर्ची मिळेल,
की तो खालीच बसेल?
कुणी तरी हसलं. तो हसला नाही.

पोस्टमन सोनवणे उठले.
शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद: कलम अठ्ठावीस.
सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत
धर्माचं शिक्षण नाही.
वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नाही,
माझ्या डोक्यावरच्या तसबिरीकडे पाहिलं.
वीणा, हंस, कालचा झेंडूचा हार.
हार मीच घातलेला.

मी सचिव. मी लिहीत होते.
सचिवानं लिहायचं असतं: सविस्तर चर्चा झाली.

लिहिलं नाही ते असं.
रायमल, हजेरी क्रमांक एकोणीस.
बाप सावद्याला ट्रक भरताना वरून पडला.
आठ दिवसांनी पोरगं शाळेत आलं, पण बोलेना.
नाव घेतलं की नुसता हात वर,
मी लिहायचे, उपस्थित.
ब्याऐंशी पोरं, दोन शिक्षक,
माहिती दुपारी दोनच्या आत ऑनलाइन.
ठगूबाई तेवढी त्याच्या ताटात
खिचडीचा तळचा करपलेला थर वाढायची,
त्याला आवडतो म्हणून.

आणि तो ट्रस्टचा माणूस,
पत्र द्यायला आला त्या दिवशी
टाकीपाशी धुळीत मांडी घालून बसला,
पांढऱ्या धोतरासकट.
"बाप कसा होता रे तुझा?"
हे कुणी विचारलंच नव्हतं.
पोरगं बोललं. पावरीत बोललं, घंटा होईस्तोवर.
त्या माणसाला एक शब्द कळला नसणार.
मान हलवत राहिला.
उठताना खिशातून देवाचं चित्र काढून
पोराच्या वहीत ठेवलं.

त्या चित्राला मी हो कसं म्हणू?
त्या धुळीतल्या मांडीला नाही कसं म्हणू?
सोनवणे बरोबर आहेत.
याच शाळेत, याच वर्गात
त्यांनी श्लोकासाठी छड्या खाल्ल्यात,
चुकला म्हणून नाही,
बरोबर आला म्हणून.

साडेपाच झाले. लाइट यायची वेळ,
सगळ्यांना मोटारी लावायच्या होत्या.
विषय चार: तहकूब.
सह्या. ठगूबाईचा अंगठा.

बाहेर रायमल, गुलसिंगबरोबर पाड्यावर जायला थांबलेला.
"मॅडम, ते गुरुवारी येतील?"
मराठीत, पूर्ण वाक्य.
मी म्हणाले, "मी असेन."
त्यानं मला नीट पाहिलं,
बाजारात बैल बघतात तसं,
आणि काही न बोलता निघाला.

आता पुढ्यात वेळापत्रक.
गुरुवार, शेवटचा तास.
"कार्यानुभव" खोडलंय, कागद जरा फाटलाच.
विस्तार अधिकारी विचारतील, इथे विषय कोणता?
पावरीत बापाला काय म्हणतात
तेसुद्धा मला माहीत नाही,
सात वर्षं झाली इथे.
सकाळी गुलसिंगला विचारते.